ओट्याखालची राख

सात वर्षं नंबर लावून शेवटी गॅस आला. बांधलेली चूल गवंड्याने फोडली आणि तिच्या जागी उभ्याने स्वयंपाकाचा ओटा केला. वीस वर्षं फुंकणीने फुंकून मी इतकी थकले होते की, चूल फुटताना वळूनही पाहिलं नाही.

आठवड्याने लक्षात आलं, भांडी घासणारी नवसाबाई अजून राखच वापरतेय.

“राख कुठून आणतेस?”

“ओट्याखालून. तुम्हीच काढून ठेवता ना रोज?”

मी वाकून पाहिलं. चुलीच्या जागच्या फरशीवर ओंजळभर राख होती, कोमट. ह्यांना सांगितलं, तर ते हसले आणि ओझरच्या कारखान्याची बस गाठायला निघून गेले. मग मीही विषय सोडला. शोध घ्यायला अंगात त्राण कुठे होतं?

आज हे पहिल्या पाळीला गेल्यावर नवसाबाईने हाक मारली.

“बाई, आजची राख लाकडाची नाय.”

तिच्या ओल्या तळहातावर पाच काळवंडलेली बटणं होती. चार सारखी, एक मोठं. ते मोठं मी कालच ह्यांच्या कारखान्याच्या शर्टाला लावलं होतं.

तोच शर्ट घालून हे सकाळी गेले होते.