चहातला अर्क

असं विचारल्यावर खरं कोण सांगणार हो, डॉक्टर?

"लिव्हरचा रिपोर्ट बिघडलाय. घरी कुठला पाला-बिला पाजताय का? अडाण्यांचा नुसता बाजार मांडलाय!" अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडलात. नजर मात्र फायलीतच.

सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, किमोच्या सलाईनसाठी हात पुढे करून. शेजारी सून उभी. ही सून शाळेत विज्ञान शिकवते. पलीकडच्या खुर्चीत तिच्याच वर्गातल्या एका मुलीची आई होती आणि ती कान टवकारून ऐकत होती.

"नाही," सून म्हणाली. "आमच्याकडे असलं काही चालत नाही."

धडधडीत खोटं. रोज सकाळी ती सासूबाईंच्या चहात पानांचा अर्क मिसळायची. कुणीतरी सांगितलं होतं, किमोच्या जोडीला द्या, ताकद येते. विज्ञान गेलं चुलीत. घरातलं माणूस वाळत चाललं होतं. कडूपणा झाकायला ती साखर दुप्पट घालायची. सासूबाई तोंड वाकडं करायच्या, "चहा करतेस की सूड उगवतेस गं?" सून हसून वेळ मारून न्यायची. त्यांना काही कळत नाही, अशी तिची समजूत.

"मग औषधच सोसत नाहीये यांना," तुम्ही म्हणालात. "किमो बंद. आता फक्त त्रास कमी करायचा."

सुनेचे कान तापले. एक वाक्य बोलली असती तर भागलं असतं. तिनं पलीकडच्या बाईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "मी पिते. पानांचा अर्क. चोरून. हिला ठाऊक नाही."

"आजी, या वयात तरी थोडी अक्कल?"

वॉर्डात हशा पिकला. सासूबाईही हसल्या. अर्क आजपासून बंद, रक्त पुन्हा तपासू, मग किमोचं बघू, असं सांगून तुम्ही पुढच्या खुर्चीकडे गेलात.

बाहेर लिफ्टपाशी सुनेनं आधाराला हात पुढे केला. सासूबाईंनी तो धरला नाही.

"पहिल्या घोटालाच कळलं होतं मला. तू मला जगवायला धडपडतेस, म्हणून मुकाट्यानं पीत राहिले. पण आत माझं औषध बंद होत होतं, तेव्हा माझ्याकडे बघायचं सोडून त्या बाईकडे का बघितलंस? बोल."