नऊ वेळा

वृंदाच्या डब्यातली भाकरी तशीच राहिली. सकाळी तिच्या ऑफिसने एका वृद्धाश्रमाची जाहिरात हजारो लोकांना इमेलने पाठवली होती. ती कोणी किती वेळा उघडली, आत कशावर क्लिक केलं, हे सगळं तिच्या स्क्रीनवर येत होतं. त्या यादीत दादाचा इमेल पत्ता निघाला. जाहिरात नऊ वेळा उघडलेली. 'प्रवेशाचे नियम' चार वेळा.

आई दादाकडेच राहायची. वृंदाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने जिन्यात जाऊन त्याला फोन लावला.

"आई जड झाली असेल तर तोंडावर सांग. चोरून वृद्धाश्रम कसले बघतोस? नऊ वेळा. मला इथे सगळं दिसतं."

"मी सकाळपासून कारखान्यात आहे," दादा म्हणाला. "माझं इमेल घरच्या टॅबवर उघडं असतं. आणि टॅब आईकडे असतो."

तिने तशाच रागात आईला फोन लावला. "ती वृद्धाश्रमाची जाहिरात तू बघत होतीस?"

"हो, मीच. संध्याकाळी गप्पा मारायला माणसं असतात, असं लिहिलंय त्यात."

ते वाक्य वृंदानेच लिहिलं होतं.

"अगं, पण नऊ वेळा?"

"मोजलंस होय?" आईचा आवाज धारदार झाला. "मग हेही मोज. या महिन्यात मी तुला किती फोन केले, आणि तू किती उचललेस."