थंड केलेली नळी

हौशीरामनं दोन कागद ओसरीवर पसरले आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर खडे ठेवले. समोर भावजय कुशाबाई बसली होती.

“वयनी, हा आधीचा कागद. हा रायफलची नळी थंड केल्यानंतरचा. अंतर पन्नास पावलं, काडतुसं तीच, टेकायला गोणीबी तीच.”

पहिल्या कागदावर पाच भोकं वीतभर पसरली होती. दुसऱ्यावरची पाचही एका रुपयाखाली झाकली असती.

चार वर्षांपूर्वी, नव्व्याण्णव साली, खोडदच्या मक्यात त्यानं डुकरावर रायफल झाडली. गोळी डुकराच्या पाठीवरून वीतभर वर गेली आणि पलीकडं डुकराला हुसकावायला हाका घालणाऱ्या भागूला, त्याच्या थोरल्या भावाला, लागली. कोर्टानं अपघात म्हटलं, रायफलही परत दिली. भागूच्या बायकोनं, कुशाबाईनं, मात्र काहीच म्हटलं नाही. त्याच घरात ती त्याला दोन वेळा भाकरी वाढायची, एक शब्द न बोलता.

मग दूध केंद्रावरच्या चांगदेवनं त्याला एका मासिकातलं वाचून दाखवलं. नळी अतिथंड केली की पोलादातला ताण जातो, नेम सुधारतो. गाईंच्या कृत्रिम रेतनाचं वीर्य गोठवून ठेवायला चांगदेवकडं द्रव नायट्रोजनचा कॅन असायचाच. “काही जणांना फरक दिसत नाय, असंबी लिवलंय,” चांगदेव म्हणाला होता. “फुडचं राहू दे,” म्हणत हौशीरामनं नळी त्याच्या हातात दिली होती.

कुशाबाईनं दोन्ही कागदांवरच्या भोकांवरून बोट फिरवलं.

“म्हंजी तुमचा हात नव्हता, भावजी.”

हौशीरामला हुंदका आला. चार वर्षांत ती पहिल्यांदा बोलली होती. “नळीनं खाल्लं वयनी, माझ्या भावाला. मी तर बरोबर धरली व्हती.”

तेवढ्यात दारात लुना थांबली. गाय माजावर आली म्हणून चांगदेवला निरोप होता. हौशीराम धावतच त्याला ओसरीवर घेऊन आला.

“सांग वयनीला. किती तास बुडवली व्हती नळी?”

चांगदेवनं कागद बघितले आणि हसला. “बुडवली कुठं, भाऊ? टोकावरचा नेमाचा खुंट कॅनच्या तोंडातनं आत जाईना. दोन दिस टेबलाखाली पडून व्हती. तुमी इतकं खुशीत नेली, मग म्हटलं कशाला बोला.”



चांगदेव गोठ्याकडं गेला. कुशाबाईनं दुसऱ्या कागदावरचे खडे एकेक करून काढले. कागद उचलून उजेडाला धरला. पाच भोकांतून ऊन तिच्या तोंडावर पडलं.

“नळी चांगली हाय, भावजी,” ती म्हणाली. “तवाबी चांगलीच व्हती.”