जुनं जोतं

"किल्ल्याला कुठं असलं छप्पर असतं? चारी कोपरे वर वळलेले! किल्ला आहे का देऊळ?" शंकरपाळ्यांवर कातणं फिरवता फिरवता शैलाताई पुटपुटल्या. शेजारी उभ्या चारुताला ऐकू जाईल, एवढ्याच आवाजात.

सून नुसतीच हसली. बाहेर, नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नच्या त्या वीतभर अंगणात, नाओकी गुडघे टेकून विकतच्या मातीचा चिखल थापत होता. तो 'ऑफिसमधला मित्र'. घरात सगळे एवढंच म्हणत. त्यापुढे कुणी विचारत नव्हतं, आणि चारुताही सांगत नव्हती.

दिवाळीचा किल्ला चारुताचा नवरा विराज करायचा. तो गेला आणि कोपऱ्यात त्याने रचलेल्या विटा तशाच राहिल्या. त्यांच्यावर शेवाळ चढलं. शैलाताई दर दिवाळीला पुण्याहून यायच्या, खिडकीतून लेकाच्या विटा बघायच्या आणि पडदा ओढून घ्यायच्या.

यंदा नाओकीने त्याच विटांवर किल्ला चढवला होता. आपल्या गावचा, जपानी.

शैलाताई हात पुसत बाहेर आल्या. "विचार त्याला, जुन्या विटा का नाही काढल्या?"

चारुताने इंग्रजीत विचारलं. तो बराच वेळ बोलत राहिला.

"त्यांच्याकडचा किल्ला वीज पडून जळला, आई. नुसतं दगडी जोतं उरलं. लोक म्हणायचे, त्याला हात लावू नका. पुढे कधीतरी गावाने नवा बांधला, त्याच जोत्यावर. एक दगड हलवला नाही. तो म्हणतो..." चारुता अडखळली. "जोतं पक्कं होतं, म्हणून किल्ला उभा राहिला."

"आणि गावाला तो आपला वाटतो?"

चारुताने विचारताच नाओकी हसला.

"म्हणतो, सगळे सण तिथेच होतात."

शैलाताई आत गेल्या. नाओकी चिखलाचे हात तसेच धरून उभा.

त्या परत आल्या, त्या साडीच्या घडीत गुंडाळून आणलेले मातीचे मावळे घेऊन. जपानी दरवाजावर त्यांनी एकेक मावळा पहाऱ्याला उभा केला. एक भालेवाला कलला, तो नाओकीने बोटाने अलगद सरळ केला. त्याच्या फेट्याला चिखल लागला.

"चारू," शैलाताई म्हणाल्या, "नीट समजावून सांग हो याला. पुढच्या वर्षी असले चिखलाचे हात चालायचे नाहीत. दिवाळसणाला आमच्याकडे जावयाने नुसतं पाटावर बसायचं असतं."