स्टिअरिंगजवळचं बटण

जळक्या कॉइलचा वास घेऊनच रशीदमिस्त्रींनी ओळखलं, की जीपवाल्या हिंदुरावने ॲम्प्लिफायरच्या गेनचा, म्हणजे आवाजाचा जोर वाढवायचा, स्क्रू पुन्हा शेवटपर्यंत पिळलाय. दणक्याचा मोठा स्पीकर, वूफर, जळायची ही महिन्यातली तिसरी वेळ होती.

"माल हलका देताय तुम्ही," हिंदुराव फुरंगटून म्हणाला. "उद्या बहिणीची वरात आहे. आता जळला, तर पाव्हणे हसतील मला."

"वूफर मोठ्या आवाजाने जळत नाही, हिंदुराव. फाटक्या आवाजाने जळतो. उद्या जळला, तर दुकानाची पाटी उतरवतो."

मिस्त्रींनी नवा वूफर बसवला. आवाज जिथे फाटायला लागला, त्याच्या जरा अलीकडे गेन थांबवला आणि ॲम्प्लिफायरवर पत्र्याचं झाकण ठोकलं. मग हिंदुरावच्या हाताशी, स्टिअरिंगजवळ, एक बटण बसवून दिलं. "तुमचा हात काही स्वस्थ बसायचा नाही. जोर हवा असला, की हे फिरवा."

वरातीच्या दुसऱ्या दिवशी हिंदुराव पेढे घेऊन आला. "बटण फुल्ल पिळलं होतं, मिस्त्री. काय दणका बसला! पाव्हणे नुसते बघत राहिले. वूफर ठणठणीत."

"म्हटलं नव्हतं?" पेढा तोंडात टाकत मिस्त्री म्हणाले. त्या बटणाला त्यांनी वायरच जोडली नव्हती.