बाबांची साक्ष

रविवारी दुपारी सुलभा निवृत्त सुभेदार बाबांसोबत टीव्हीवर जुना युद्धपट बघत होती. जनरलने स्वतःची चूक झाकायला शिपायांवर भित्रेपणाचा आळ घेतला, खटला उभा राहिला, आणि बाबांनी टीव्ही बंद केला.

“फौजेत असलं काही घडत नसतं,” ते म्हणाले. “चहा टाक.”

चहा उकळत असताना तिचा लहानपणापासूनचा संशय पुन्हा वर आला. गावातले गेनबाकाका लढाईत चौकी सोडून पळाले म्हणून बडतर्फ झाले होते, तेही बाबांच्याच साक्षीवरून. तरी दोघे समोरासमोर आले की मान खाली जायची ती बाबांची. का, हे तिने कधीच विचारलं नाही. सोमवारी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. काहीतरी इच्छा राहिली असणार, म्हणून एकेक जण हात जोडून शब्द देऊ लागला.

“दादा, वहिनीची काळजी करू नका,” बाबांचे धाकटे भाऊ म्हणाले.

“रमचा पेला ठेवा, सुभेदार धावत येतील!” मागून कुणीतरी बोललं आणि घाटावर हसू फुटलं. गेनबाकाका तेवढे लांब, एकटेच उभे होते.

सुलभा पुढे झाली, तशी आईने तिचं मनगट घट्ट धरलं. “काय बोलायचं ते मनात बोल.”

म्हणजे आईलाही ठाऊक होतं. सुलभाने हात सोडवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बाबा, गेनबाकाका पळाले नव्हते. तुमच्या वरच्या साहेबांची चूक झाकायला तुम्ही खोटी साक्ष दिलीत.”