येफच्या सुरक्षेचा अहवाल

"मागच्या दाराची किल्ली आणखी कोणाकडे असते?" मार्लेनने विचारलं.

"शेजारच्या आजींकडे," येफ म्हणाला. "आम्ही गावाला गेलो की मांजराला खायला घालतात."

मार्लेनने ते वहीत लिहून घेतलं. पंचवीस वर्षं ती कंपन्यांना सुरक्षेचा सल्ला देत होती. धोका कुठून येईल ते आधी हेरायचं आणि तो टळेल कसा ते सांगायचं, हे तिचं काम. घाबरलेल्या माणसाला घाई करून चालत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

येफ अँटवर्प बंदरातल्या एका धक्क्यावर कंटेनरांची आखणी करायचा. केळ्यांचे काही कंटेनर तपासणीच्या यादीतून परस्पर गळतात, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. त्या केळ्यांखाली कोकेन येतं, हे बंदरात सगळेच जाणून होते. बोलत कोणी नव्हतं. दोन महिने त्याने गुपचूप नोंदी छापून ठेवल्या. गुरुवारी तो पोलिसांना जबाब देणार होता.

"एवढी माणसं तिथे कामाला," त्याची बायको ग्रीट सुपाचं पातेलं आदळत म्हणाली, "पण डोळे काय ते एकट्या आमच्या ह्यांनाच!"

"ग्रीट, पुरे."

"काय पुरे? परवा आपल्या लोतेच्या शाळेसमोर ती काळी गाडी तासभर उभी होती. तिचीही नोंद छापून ठेवलीस का?"

येफचा चेहरा उतरला. तो मार्लेनकडे वळला. "डेसमेट साहेबांना सांगितलं तेच बरं केलं. कंपनीचे डायरेक्टर, पण स्वतः फोन केला त्यांनी. म्हणाले, तुझ्या जिवाची जबाबदारी माझी. आणि लगेच तुम्हाला पाठवलं."

"नोंदींची दुसरी प्रत?"

"नाही. एवढीच." त्याने फ्रिजवरचा जाडजूड लिफाफा काढून दिला. "पोलिसांनाही अजून काही दाखवलेलं नाही. नुसतं येतो म्हटलंय."

"छान केलंत. गुरुवारपर्यंत हा माझ्या तिजोरीत राहील."

बाहेरच्या खोलीत लोते टीव्हीसमोर बसून वॅफल खात होती. मार्लेनची नजर तिच्यावर जरा जास्तच रेंगाळली. सात-आठ वर्षांची असेल. या पोरीला इथून हलवायलाच हवं, तिने मनाशी ठरवलं.

"तुम्ही दोघी आत्ताच निघा," ती ग्रीटला म्हणाली. "कोणी जवळचं आहे?"

"गेंटला बहीण आहे माझी. आणि हा?"

"आर्डेनच्या रानात कंपनीचं एक घर आहे. तिथे राहतील. तिघं एकत्र असलात तर माग काढणं सोपं जातं."

"एकटाच?" ग्रीटचा आवाज चिरकला.

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," येफने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मॅडमचं रोजचं काम आहे हे."

"मोबाइल इथेच ठेवा," मार्लेन त्याला म्हणाली. "कुठे चाललात ते कोणालाही सांगू नका. आईलासुद्धा नाही."

तासाभरात ग्रीट आणि लोते गेंटच्या रस्त्याला लागल्या. लोते मागच्या काचेतून बापाला हात हलवत राहिली. येफने पिशवी गाडीत टाकली आणि दोन्ही हातांनी मार्लेनचा हात धरला.

"खूप उपकार झाले, मॅडम. आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नाही. आज निवांत झोपेन."

त्याची गाडी वळणाआड होईपर्यंत मार्लेन फाटकापाशी उभी राहिली. मग आपल्या गाडीत बसून तिने दार ओढून घेतलं आणि डेसमेट साहेबांना फोन लावला.

"कागद माझ्याकडे आलेत. दुसरी प्रत नाही. बायको-मुलगी यात नाहीत, त्यांना बाजूला काढलंय."

"आणि तो?"

"तीनपर्यंत पोहोचेल, एकटा. तुमची माणसं अडीचलाच घरात शिरू देत."